डांसाच्या पोटांतील पहारेकरी

डांस चावला म्हणजे हिंवताप येतो, ही गोष्ट आज शाळेंतील मूलहि सांगूं शकतें. परंतु या साध्या वाक्यांत एक लांबचा प्रवास दडलेला आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हिंवतापाचा परोपजीवी डांसाच्या अंगांत जन्मतः नसतो. तो डांसाला माणसाकडूनच मिळतो. आजारी माणसाचें रक्त डांस पितो, त्या रक्ताबरोबर परोपजीवी त्याच्या पोटांत जातो, आणि तेथून पुढें कांहीं दिवसांनीं तो दुसऱ्या माणसाच्या अंगांत शिरतो. या देण्याघेण्याच्या मध्यें डांसाचें पोट आहे. तेथें परोपजीवी तगला, तर रोग पुढें जातो. तेथेंच तो मेला, तर तो डांस कितीहि वेळां चावला तरी घटकाभराच्या खाजेपलीकडे कांहीं होत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत संशोधकांना असें आढळून आलें आहे कीं, हा जगण्यामरण्याचा निवाडा एकटा डांस करीत नाहीं. त्याच्या पोटांत वस्तीला असलेले सूक्ष्मजंतु त्यांत मोठा भाग घेतात. या सूक्ष्मजंतूंना हाताशीं धरून रोगाची सांखळी तोडतां येईल काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हिंवतापाच्या संदर्भांत डांसाच्या पोटाकडे जगाचें लक्ष वेधलें गेलें तें हिंदुस्थानांतच. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर रोनाल्ड रॉस हे १८९७ सालीं सिकंदराबादेस होते. हुसेन खान नांवाच्या हिंवतापाच्या एका रोग्यानें डांसांकडून चावून घेण्याचें कबूल केलें. मोबदला ठरला तो दर डांसामागें एक आणा. त्या डांसांपैकीं एकाचें जठर २० ऑगस्ट रोजीं रॉस यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां त्याच्या भिंतींत त्यांना कांहीं वाटोळ्या पेशी दिसल्या, आणि त्या पेशींत हिंवतापाच्या परोपजीवीची खूण असलेले काळे कण होते. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून, परोपजीवी जठरांतून लाळेच्या पिंडांपर्यंत कसा पोंचतो, तेंहि त्यांनीं दाखविलें. या शोधाबद्दल १९०२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

रॉस यांनीं जो प्रवास उघड केला, तो परोपजीवीच्या दृष्टीनें फार बिकट आहे. आजारी माणसाच्या रक्तांत परोपजीवीचीं नर व मादी रूपें तयार झालेलीं असतात. पण त्यांचा संयोग तेथें होत नाहीं, तो डांसाच्या जठरांत होतो. डांसांमध्यें रक्त पिते ती मादीच, कारण अंडीं तयार करण्यासाठीं तिला रक्ताची गरज असते. तिनें पोटभर रक्त घेतलें म्हणजे त्या रक्तांत परोपजीवीचा संयोग होऊन एक सरपटणारा सूक्ष्म जीव निर्माण होतो. रक्त पचून जाण्याच्या आंत त्यानें जठराची भिंत गांठावयाची असते. त्यासाठीं त्याला जेमतेम एका दिवसाचा अवधि मिळतो. भोंवतीं पाचक रस असतात, डांसाची स्वतःची प्रतिकारशक्ति त्याच्या मागावर असते, आणि रक्ताच्या गोळ्याभोंवतीं एक पातळ पडदाहि तयार होत असतो. हजारों परोपजीवी पोटांत गेले तरी भिंत ओलांडून पलीकडे बस्तान बसविणारे बहुधा दोनचारच निघतात. मात्र हे दोनचार एकदां स्थिरावले कीं, दहा ते चौदा दिवसांत त्यांतल्या प्रत्येकापासून हजारोंची प्रजा निपजते आणि ती लाळेच्या पिंडांत जाऊन बसते. शत्रूची संख्या सर्वांत कमी असते ती या पहिल्या दिवसाच्या अखेरीस. त्याला अडवावयाचें तर हीच जागा आणि हीच वेळ.

याच जागेवर सूक्ष्मजंतूंची वस्ती असते. डांसाची अळी पाण्यांत वाढते व त्या पाण्यांतील जंतु गिळीत असते. कोशांतून पंख फुटून डांस बाहेर पडतो तेव्हां त्यांतील बहुतेक जंतु टाकले जातात. पण पाण्याचे पहिले घोंट, फुलांतील मध आणि झाडांचे रस यांवाटें नवी वस्ती लौकरच भरते. म्हणूनच एका गांवच्या डांसाच्या पोटांतील जंतु दुसऱ्या गांवच्या डांसाच्या पोटांत असतीलच असें नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील संशोधकांनीं क्युलेक्स डांसाच्या आंतड्यांतून वेगळ्या केलेल्या एका जंतूचें वर्णन २००२ सालीं प्रसिद्ध केलें व त्यास डांसाच्याच कुळावरून ‘एरोमोनास क्युलिसिकोला’ असें नांव दिलें. पुढें अधिक तुलनेअंतीं तो जंतु एका पूर्वज्ञात जातींत गणला गेला. परंतु आपल्या दारांतील गटारावर घोंगावणाऱ्या डांसाच्या पोटांतहि एक निराळें जग आहे, हें त्या कामानें दाखविलें.

रक्ताचें भोजन झालें कीं या वस्तीला सुगी येते. पहिल्या चोवीस तासांत जंतूंची संख्या शेंकडोंपट वाढते. परोपजीवी भिंतीकडे धांवत असतो तेव्हांच ही गर्दी त्याच्या वाटेंत उभी राहते. ती त्याला अडवितें कशी? पहिली रीत अशी कीं, जंतूंची वाढ होतांच डांसाचें शरीर सावध होतें व त्यांना आवरण्यासाठीं जीं द्रव्यें सोडतें तींच परोपजीवीलाहि भोंवतात. चोरासाठीं लावलेला दिवा दुसऱ्या चोरालाहि उघडें पाडतो, तसाच हा प्रकार आहे. दुसरी रीत अधिक थेट आहे. कांहीं जंतु स्वतःच असें द्रव्य निर्माण करतात कीं, त्यानें परोपजीवीची वाढ थांबते.

हा केवळ तर्क नाहीं. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉर्ज डिमोपूलोस यांच्या प्रयोगशाळेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डांसांना प्रतिजैविक औषध पाजून त्यांचें पोट जंतुविरहित केलें. असे डांस अधिक निरोगी निघावेत असें कोणासहि वाटेल, निघालें उलटेंच. जंतु गेल्यावर हिंवतापाच्या परोपजीवीचें त्यांच्या पोटांत अधिकच फावलें. त्याच प्रयोगशाळेनें २०११ सालीं आफ्रिकेंतील झांबिया देशांत रानांतून पकडलेल्या ॲनॉफिलीस डांसांच्या पोटांतून एंटेरोबॅक्टर वर्गाचा एक जंतु मिळविला. हा जंतु प्राणवायूपासून बनलेलीं अति तीव्र द्रव्यें सोडतो, आणि त्यांच्या माऱ्यानें परोपजीवी जठराच्या भिंतीपर्यंत पोंचण्यापूर्वींच नष्ट होतो. तो पोटांत असलेल्या डांसांमध्यें परोपजीवीची वाढ जवळजवळ पूर्णपणें थांबली. एकाच गांवांतील, एकाच जातीच्या डांसांपैकीं कांहीं रोग पसरवितात आणि कांहीं पसरवीत नाहींत, या कोड्याचा एक उलगडा यांत मिळाला.

इतक्या बारीकसारीक शोधांची गरज काय, डांस मारले म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. डांस मारण्याचा इतिहास मात्र सावधगिरी शिकवितो. १९४७ च्या सुमारास भारतांत दरसाल साडेसात कोटि लोकांना हिंवताप येत असे व सुमारें आठ लाख लोक त्यानें मरत, असा त्या काळचा अंदाज होता. १९४६ सालीं तत्कालीन मुंबई इलाख्याच्या धारवाड व कारवार भागांत डी. डी. टी. च्या फवारणीचा प्रयोग झाला. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची वार्षिक संख्या एका लाखावर आली. रोग संपला असेंच सर्वांस वाटूं लागलें. पण डांसांत डी. डी. टी. पचविण्याची शक्ति आली, मोहीम ढिली पडली, आणि १९७६ सालीं रोग्यांची नोंद चौसष्ट लाखांवर गेली. विषानें मरणारे मेले. जे उरले त्यांची प्रजा वाढली.

शिवाय डांस एका जागीं स्वस्थ बसत नाहीं. मुंबईच्या हिंवतापावर डॉक्टर बेंटली यांनीं १९११ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टिफेन्साय या डांसाकडे बोट दाखविलें होतें. तोच शहरी डांस २०१२ सालीं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जिबूति येथें आढळला आणि तेथून त्या खंडांतील आणखी देशांत पसरला. आफ्रिकेंतील मूळचे डांस बहुतांशीं खेड्यापाड्यांतील. हा पाहुणा शहरांतील पाण्याच्या टांक्यांत सुखानें नांदतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ या एका वर्षांत हिंवतापानें जगांत सुमारें ५ लाख ९७ हजार माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक आफ्रिकेंतील होतीं, आणि त्यांत पांच वर्षांखालील बालकांची संख्या मोठी होती. तेव्हां डांस न मारतां त्याला निरुपद्रवी करतां आलें, तर तो मार्ग पडताळून पाहणें अगत्याचें आहे. डांस मरत नसल्यामुळें विष पचविणाऱ्या डांसांचीच प्रजा वाढण्याचें जें भय औषधांत असतें, तें येथें पुष्कळ कमी होतें.

या मार्गावरील सर्वांत बोलका शोध स्पेन देशांत लागला, आणि तोहि एका अडचणींतून. माद्रिदजवळील ट्रेस कांटोस या गांवीं ग्लॅक्सो कंपनीच्या प्रयोगशाळेंत हिंवतापावरील नवीं औषधें पारखण्यासाठीं डांस पाळले जात. औषधाची परीक्षा घ्यावयाची तर आधीं डांसांना परोपजीवीची लागण करावी लागते. पण एका पिंजऱ्यांतील डांसांना दिवसेंदिवस लागणच होईना. रक्त तेंच, परोपजीवी तोच, निगा तीच. तरी डांस रोग घेईनात. एरवीं असे डांस टाकून देऊन नवे आणले असते. तेथील संशोधकांनीं मात्र ते जपून ठेवून कारण शोधलें. तेव्हां त्यांच्या पोटांत ‘डेल्फ्टिया त्सुरुहाटेन्सिस’ नांवाच्या जंतूनें आपण होऊन वस्ती केली असल्याचें दिसून आलें.

या शोधाची हकीकत २०२३ च्या ऑगस्टांत प्रसिद्ध झाली. हा जंतु पोटांत असलेल्या डांसांच्या जठरांतील परोपजीवींची संख्या सुमारें पाऊणपटीनें घटते. असे डांस उंदरांना चावविले असतां सुमारें एक तृतीयांश उंदरांनाच लागण झाली. साधे डांस चावलेल्या सर्व उंदरांना ती झाली. याचें कारण हा जंतु ‘हार्मेन’ नांवाचें एक द्रव्य स्रवतो व तें परोपजीवीच्या आरंभींच्या अवस्थेंतच त्याची वाढ खुंटवितें. ज्या हरमल वनस्पतीचें बीं धूपासाठीं जाळतात, तिच्यावरून या द्रव्याच्या कुळास नांव पडलें आहे. आणखी एक गोष्ट उपयोगाची निघाली. हें द्रव्य डांसाच्या अंगाला नुसतें लागलें तरी त्याच्या कवचांतून आंत शिरतें. जंतु पोटांत असल्यानें डांसाचें आयुष्य घटत नाहीं कीं त्याच्या अंड्यांत उणेपणा येत नाहीं. यजमानाला त्रास नाहीं, आणि चोराला मात्र थारा नाहीं, असा हा पहारेकरी आहे.

प्रयोगशाळेच्या कांचेंतून बाहेर पडून हा प्रयोग पश्चिम आफ्रिकेंतील बुर्किना फासो येथेंहि करण्यांत आला. तेथें जाळीनें बंदिस्त केलेल्या एका मोठ्या आवारांत झाडें व झोंपड्या ठेवून खेड्याचाच देखावा उभा केलेला आहे. डांसाला रक्ताप्रमाणेंच गोड रसहि लागतो, हें ध्यानीं घेऊन जंतु मिसळलेल्या साखरेच्या पाण्यांत भिजविलेले कापसाचे बोळे तेथें ठेवले. डांसांनीं तें पाणी घेतलें, जंतूनें त्यांच्या पोटांत घर केलें, आणि त्या मोकळ्या वातावरणांतहि त्याचा गुण दिसून आला.

डेंग्यूचा प्रश्न निराळा आहे, कारण तो विषाणूचा रोग आहे आणि त्याचा वाहक एडीस हा दिवसा चावणारा डांस आहे. पण तेथेंहि पोटांतील जंतूचें माहात्म्य दिसून येतें. चीनच्या युन्नान प्रांतांतील कांहीं भागांत डेंग्यूच्या सांथी येतात, आणि एडीस डांस असूनहि कांहीं भागांत त्या क्वचितच येतात. संशोधकांनीं २०२४ सालीं दाखविलें कीं, सांथ नसलेल्या भागांतील डांसांच्या पोटांत ‘रोझेनबर्गिएला’ वर्गाचा एक जंतु विपुल असतो. हा जंतु साखरेपासून आम्ल बनवितो. आम्लाच्या स्पर्शानें विषाणूच्या आवरणाची घडण अवेळीं बिघडते व मग त्याला डांसाच्या पेशींत शिरतां येत नाहीं.

याच ठिकाणीं ‘वोल्बाखिया’ या जंतूचाहि उल्लेख केला पाहिजे. तो खरोखर पोटांतील रहिवासी नव्हे. तो पेशींच्या आंत राहतो व मादीच्या अंड्यांवाटें पुढील पिढीस मिळतो. १९२४ सालीं तो प्रथम क्युलेक्स डांसांत दिसला. डेंग्यूच्या मुख्य वाहक एडीस जातींत तो मुळचा नसतो; फळांवरील माशींतून काढून तो त्यांच्या अंगीं घालण्यांत आला. जावा बेटांतील योग्यकर्ता शहरांत असे डांस सोडल्यानंतर डेंग्यूचे रोगी शेंकडा ७७ नीं घटले, असा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. भारतांतहि पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रानें वोल्बाखियायुक्त एडीस डांस तयार केल्याचें २०२२ सालीं जाहीर केलें. डांसाच्या अंगचा जंतु शहराचा ताप कमी करूं शकतो, हें योग्यकर्त्यानें सिद्ध केलें. पोटांतील जंतूंना ती परीक्षा अजून द्यावयाची आहे.

ती परीक्षा कडक असली पाहिजे. कारण पोटांतील प्रत्येक जंतु आपला मित्र असतो असें नाहीं. ‘सेराशिया मार्सेसेन्स’ या जंतूविषयीं २०१९ सालीं असें आढळलें कीं, तो डांसाच्या आंतड्यांतील बुळबुळीत अस्तर विरघळवून टाकतो व त्यामुळें डेंग्यूच्या विषाणूला आयतीच वाट मोकळी होते. मौज अशी कीं, याच सेराशिया कुळांतील दुसऱ्या एका जंतूंत जनुकें घालून हिंवतापाविरुद्ध द्रव्यें निर्माण करविण्यांत संशोधकांना २०१७ सालीं यश आलें. तो जंतु नराकडून मादीस व मादीकडून प्रजेस मिळतो आणि थोड्या डांसांपासून सर्व समुदायांत पसरतो. म्हणजे एकाच घराण्यांत एक पहारेकरी आणि एक घरभेदी! कुळ पाहून विश्वास ठेवण्याची येथें सोय नाहीं; एकेका जंतूची स्वतंत्र चौकशी करावी लागते, आणि एका रोगाला अडविणारा जंतु दुसऱ्या रोगाला मदत तर करीत नाहीं ना, तेंहि पाहावें लागतें.

आपण होऊन पसरणाऱ्या जंतूचा लाभ उघड आहे. तो थोड्या खर्चांत दूरच्या खेड्यापर्यंत पोंचेल. पण जें आपण होऊन पसरतें, तें माघारी बोलावतां येत नाहीं. स्पेनमधील डेल्फ्टिया या बाबतींत उलट स्वभावाचा आहे. तो एका डांसाकडून दुसऱ्यास जात नाहीं. त्यामुळें तो पुनःपुन्हां पुरवावा लागेल, मात्र पुरवठा थांबविला कीं प्रयोगहि थांबतो. स्वस्त पण न परतणारा उपाय घ्यावयाचा, कीं खर्चाचा पण हातीं राहणारा, या निवडीचें उत्तर सूक्ष्मदर्शकांत सांपडत नाहीं. तें ज्या लोकांच्या अंगणांत हे डांस उडणार, त्यांना विचारूनच ठरविलें पाहिजे.

या बाबतींत भारताचा अनुभव विसरण्याजोगा नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचें एक संयुक्त केंद्र दिल्लीस होतें. निर्बीज केलेले नर एडीस डांस सोनीपत येथें सोडण्याची त्याची सर्व सिद्धता १९७५ सालीं झाली होती. नर डांस चावत नाहीं. तेव्हां त्यांत प्रत्यक्ष अपाय नव्हता. पण या कामामागें परकीयांचा जंतुयुद्धाचा हेतु आहे, असा संशय वर्तमानपत्रांत उठला, प्रकरण संसदेपर्यंत गेलें, आणि तो कार्यक्रम बंद पडला. संशय खरा होता कीं खोटा, यापेक्षां एक गोष्ट महत्त्वाची ठरली. ज्यांच्या भल्यासाठीं काम चाललें होतें, त्यांना तें विश्वासांत घेऊन वेळींच पुरेसें सांगितलें गेलें नव्हतें. शास्त्राचें काम लोकांच्या संमतीवांचून उभें राहिलें, तर पहिल्याच वाऱ्यांत तें कोलमडतें.

पोटांतील जंतूंचा उपाय सिद्ध झाला, तरी तो एकट्यानें हिंवताप घालवील अशी अपेक्षा त्याचे शोधकहि करीत नाहींत. रोग्याचें त्वरित निदान व पूर्ण औषध, मच्छरदाणी, फवारणी आणि आतां बालकांसाठीं मिळूं लागलेली लस, या सर्वांच्या जोडीला तो यावयाचा आहे. शहरांतील कुटुंबांचें काम तर त्याहूनहि साधें आहे. गच्चीवरील टांकीचें झांकण घट्ट बसवावें, कुंड्यांखालील थाळ्या व पाण्याचीं पिंपें आठवड्यांतून एकदां कोरडीं करावींत, आणि ताप आल्यास रक्त तपासून घेण्यास दिरंगाई करूं नये. टांकींतील अळी मेली, तर तिच्या पोटांत पहारेकरी होता कीं घरभेदी, हा प्रश्नच उरत नाहीं.

सिकंदराबादेस डांसाचें पोट उघडलें गेलें, तेव्हां त्यांत रोगाचें मूळ सांपडलें. सव्वाशें वर्षांनंतर त्याच जागीं रोगाचा प्रतिपक्षहि नांदत असलेला दिसूं लागला आहे. त्याची नीट पारख करणें हें संशोधकांचें काम आहे. आणि तो दारीं आणला जाईल तेव्हां त्याच्याविषयीं जाणून घेऊन, शंका विचारून, मग हो किंवा नाहीं म्हणणें, हें नागरिकांचें.